सावळा रंग येतो कोठून?
(मंडळाच्या वर्धापनदिन समारंभात केलेले भाषण)



वर्धापनदिनाच्या दिवशी गाणे-नाटुकले ऐकायचे सोडून आपण जीवशास्त्रावरचे व्याख्यान ऐकायला बसला आहात, याबद्दल प्रथम आपले आभार मानते. मुलींच्या शाळेत पुष्कळ वर्षे शास्त्र हा विषय शिकवला, त्यामुळे फळा आणि खडू नसला की मला जरा चुकल्यासारखे होते. पण आज तोंडीच भागवून घेऊ.

चिटणीसबाईंनी मला विषय विचारला, तेव्हा मी एक विनंती केली होती. भगिनींनी आपले प्रश्न नाव न घालता चिठ्ठ्यांवर लिहून द्यावेत, आणि ज्याविषयी सर्वांत जास्त चिठ्ठ्या येतील तो विषय मी घेईन. मला वाटले होते, मधुमेहावर येतील, नाहीतर गुडघेदुखीवर. बावीस चिठ्ठ्या आल्या आणि त्यांतल्या चौदा रंगावर निघाल्या. "सुनेला केशर दिले तर बाळ गोरे होते का?" "आम्ही दोघे उजळ आहोत, मुलगी सावळी कशी?" "पांढरे डाग आनुवंशिक असतात का? घरात एकाला असले तर लग्नाच्या वेळी सांगावे का?" एका चिठ्ठीवर तर एवढेच लिहिले होते : "रंगात माझा काय दोष?" ही शेवटची चिठ्ठी मी जपून ठेवली आहे. आजचे भाषण म्हणजे तिचे उत्तर आहे असे समजा.

प्रथम रंग म्हणजे काय ते पाहू. आपल्या कातडीच्या वरच्या थराच्या तळाशी काही विशेष पेशी असतात. त्यांना आपण रंगपेशी म्हणू. एकेका रंगपेशीला फांद्यांसारखे हात असतात आणि त्या हातांनी ती आपल्याभोवतीच्या सुमारे ३६ साध्या पेशींना रंगाच्या बारीक पुड्या पुरवते. त्या पुड्यांत जे द्रव्य असते त्याचे नाव मेलॅनिन. ते दोन जातींचे असते : एक काळसर तपकिरी, दुसरे लालसर पिवळे. केसांचा आणि डोळ्यांच्या बुबुळांचा रंगही याच द्रव्याचा. टायरोसिनेज नावाचे एक विकर आहे, ते या द्रव्याच्या घडणीला सुरुवात करून देते. दुधाला विरजण लावले नाही तर दही होत नाही, तसे हे विकर नसेल तर मेलॅनिन होत नाही.

आता ऐकण्यासारखी गोष्ट पुढेच आहे. गोऱ्या माणसाच्या कातडीत रंगपेशी कमी आणि काळ्या माणसाच्या कातडीत जास्त, असे आपल्याला वाटते. वस्तुतः तसे नाही. शरीराच्या त्याच भागावर मोजल्या तर या पेशी साऱ्या जगातील माणसांत जवळजवळ सारख्याच भरतात. फरक असतो तो पुड्यांच्या आकारात, संख्येत आणि त्यांतील द्रव्याच्या प्रकारात. म्हणजे दुकान प्रत्येकीकडे आहे, दुकानदारही तितकेच आहेत. कोणी माल जास्त काढतो, कोणी कमी, एवढेच. ज्या फरकावरून आपल्याकडे लग्ने मोडतात तो फरक इतका वरवरचा आहे.

हा माल किती काढायचा, याचे हुकूम जनुकांत लिहिलेले असतात. प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती आपल्याजवळ असतात, एक आईकडून आलेली व एक वडिलांकडून आलेली. हे कसे चालते याचा पहिला हिशेब ग्रेगोर मेंडेल या धर्मोपदेशकाने ब्रनो येथील मठाच्या बागेत वाटाण्यांवर केला आणि १८६६ साली प्रसिद्ध केला. जांभळ्या फुलांचा वाटाणा आणि पांढऱ्या फुलांचा वाटाणा यांचा त्याने संकर केला, तेव्हा पहिल्या पिढीत सगळी झाडे जांभळ्या फुलांची आली. पांढरा रंग जणू नाहीसाच झाला. पण त्या झाडांचे बी पुन्हा लावले, तेव्हा ७०५ झाडे जांभळ्या फुलांची आणि २२४ पांढऱ्या फुलांची आली. म्हणजे साधारण तीनास एक. पांढरा रंग नाहीसा झालेला नव्हता. तो एक पिढी गप्प बसून होता. मेंडेल १८८४ साली वारला. त्याच्या हयातीत या हिशेबाचे मोल कोणाला कळले नाही. १९०० साली तिघा शास्त्रज्ञांनी तो पुन्हा उजेडात आणला.

त्या तिघांपैकी एक जर्मनीतील कार्ल कोरेन्स. त्याने आपल्या ओळखीचे एक झाड प्रयोगाला घेतले. आपल्या परसातली गुलबक्षी! दिवेलागणीच्या सुमारास फुलणारी आणि काळ्या मिऱ्यांसारखे बी धरणारी गुलबक्षी मूळची अमेरिका खंडातील. आपल्याकडे येऊन ती इतकी घरची झाली की आपण तिला परकी समजतच नाही. शुद्ध तांबड्या गुलबक्षीचा शुद्ध पांढरीशी संकर केला, तेव्हा मुले तांबडी झाली नाहीत की पांढरी झाली नाहीत. ती गुलाबी झाली. आणि त्या गुलाबींचे बी लावले तेव्हा चारांत साधारण एक तांबडे, दोन गुलाबी आणि एक पांढरे झाड आले. म्हणजे गुलाबी आईबापांच्या पोटी तांबडे आणि पांढरे, दोन्ही निघाले. (फुलातले रंगद्रव्य वेगळे, बिटाच्या जातीचे, कातडीतले वेगळे. पण वाटणीचा नियम तोच.)

याच कोरेन्सने १९०९ साली गुलबक्षीची आणखी एक गंमत दाखवली. काही गुलबक्षींची पाने हिरव्या-पांढऱ्या ठिपक्यांची असतात. त्या पानांचा गुण मात्र केवळ आईकडून उतरतो. पराग कोणत्याही झाडाचा आणा, बी ज्या फांदीवर धरले तिच्यासारखी पाने होतात. हे मी मुद्दाम सांगते. मूल सावळे झाले की आपल्याकडे बोल आईला लागतो. "हिच्या माहेरचा रंग" असे म्हणतात. गुलबक्षीच्या पानांच्या बाबतीत हे म्हणणे बरोबर ठरेल. माणसाच्या कातडीच्या बाबतीत नाही. कातडीच्या रंगाचे ज्ञात जनुक आई आणि वडील या दोघांकडून सारखेच येतात. बोल लावायचाच असेल, तर अर्धा सासरच्या वाट्याला ठेवावा.

आता तुम्ही विचाराल, गुलबक्षीचे ठीक आहे. पण माणसांत तांबडी, गुलाबी, पांढरी अशा तीनच पायऱ्या कुठे असतात? आपल्या या सभागृहातच पाहा. गोरी, निमगोरी, गहूवर्णी, सावळी, काळीसावळी अशा किती छटा आहेत. याचे कारण असे की माणसाचा रंग एका जनुकाच्या जोडीवर ठरत नाही. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन संशोधनात मेलॅनिनच्या घडणीशी संबंध असलेले १६९ जनुक सापडले, आणि त्यांतील १३५ जनुकांचा रंगाशी संबंध आहे हे आधी कोणाला माहीतच नव्हते.

एकशे एकोणसत्तरांचा हिशेब आपल्याला झेपायचा नाही, म्हणून आपण तीनच जोड्या धरू. समजा, रंगाचे जनुक तीन जोड्यांत आहेत आणि प्रत्येक जोडीत एक गडद व एक फिका असे आई आणि वडील दोघेही आहेत. म्हणजे दोघेही गहूवर्णी. मुलाला वडिलांकडून तीन आणि आईकडून तीन असे सहा जनुक मिळणार, आणि प्रत्येक वेळी गडद की फिका हे छापा-काट्यासारखे ठरणार. घरी गेल्यावर सहा नाणी घेऊन ती उडवून पाहा. चौसष्ट वेळा उडवली तर सरासरीने वीस वेळा तीन छापे आणि तीन काटे येतील, म्हणजे मूल आईबापांसारखे गहूवर्णी. पण कधीतरी, चौसष्टांत एकदा, सहाच्या सहा छापे येतील आणि चौसष्टांत एकदा सहाच्या सहा काटे. आईबाप तेच, घर तेच, स्वयंपाक तोच. आणि तरी एक मुलगी खूप उजळ व तिची सख्खी बहीण खूप सावळी. यात कोणाचे काही चुकले नाही. नाणी तशी पडली.

"आम्ही दोघे उजळ, मुलगी सावळी कशी?" या चिठ्ठीचे उत्तर यातच आले. सहापैकी दोन गडद जनुक आईजवळ आणि दोन वडिलांजवळ असले तर दोघेही उजळच दिसतील. पण ते चारही एकाच मुलीच्या वाट्याला आले, तर ती दोघांहूनही सावळी होईल. अशा मुलीच्या बारशाला कुजबुज होते, आईकडे संशयाने पाहिले जाते, हे आपण सर्वजणी जाणतो. जिने असे ऐकून घेतले असेल तिने खुशाल सहा नाणी पदरात ठेवावीत आणि बोलणाऱ्यापुढे उडवून दाखवावीत.

या अनेक जनुकांपैकी एकाची हकीकत आपल्या देशाशी निगडित आहे, म्हणून थोडक्यात सांगते. गंगेच्या खोऱ्यातील ओढ्या-नाल्यांत अंगावर निळे-काळे पट्टे असलेला बोटाच्या पेराएवढा एक मासा राहतो. झेब्रासारखे पट्टे म्हणून त्याला झेब्रा मासा म्हणतात. प्रयोगशाळांतून तो पाळतात. त्यातल्या एका जातीचे पट्टे जन्मतः फिके, सोनेरी असतात. का, याचा शोध घेताना अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यातील शास्त्रज्ञांना २००५ साली एक जनुक सापडला. त्याचे नाव एस.एल.सी. २४ ए ५ असे रुक्ष आहे. तोच जनुक माणसातही निघाला. माणसात त्याचे दोन प्रकार आहेत आणि त्यांच्यात फरक केवळ एका अक्षराचा. त्यातला फिका प्रकार युरोपातील जवळजवळ सर्व लोकांत आढळतो.

मग आपल्याकडे काय? हैदराबादच्या सेल्युलर अँड मॉलेक्युलर बायॉलॉजी या केंद्रातील आणि इतर देशांतील शास्त्रज्ञांनी मिळून याचा अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध केला. त्यांनी दक्षिण भारतातील १२२८ लोकांच्या कातडीचा रंग यंत्राने मोजला. रंगातील फरकांपैकी सुमारे २७ टक्के फरक या एका जनुकाने उलगडतो असे त्यांना दिसले. भारतीय उपखंडातील ५४ समाजांतील १५७३ लोक तपासले, तेव्हा हा फिका प्रकार ठिकठिकाणी सापडला. कोठे पुष्कळ, कोठे थोडा. आणि युरोपातला फिका प्रकार आणि आपला फिका प्रकार हे वेगवेगळे नसून एकाच मुळापासून निघालेले आहेत. ते मूळ सुमारे २२ ते २८ हजार वर्षांपूर्वीचे असावे असा त्यांचा हिशेब आहे. तेव्हा रंगावरून "आम्ही अमुक, ते तमुक" अशी कुळे पाडणाऱ्यांनी हे जरूर वाचावे. आपण सारे मिसळून गेलेले लोक आहोत.

मुळात माणसांत असे रंग झाले तरी का? याचे कारण सूर्य. उन्हातील अतिनील किरण कातडीला इजा करतात, आणि अमेरिकेतील नीना जॅब्लॉन्स्की आणि जॉर्ज चॅप्लिन यांनी २००० साली मांडल्याप्रमाणे, रक्तातील फोलेट या जीवनसत्त्वाचाही नाश करतात. फोलेट म्हणजे गरोदरपणी डॉक्टर ज्याच्या गोळ्या देतात तेच. ते कमी पडले तर गर्भाच्या पाठीच्या कण्यात आणि मेंदूत व्यंग राहू शकते. म्हणून कडक उन्हाच्या प्रदेशात गडद कातडी म्हणजे जन्मतःच मिळालेली छत्री. उलट, ज्या देशांत ऊन कमी तेथे कातडीला ड जीवनसत्त्व तयार करायला पुरेसे किरण मिळत नाहीत. तेथे फिकी कातडी सोयीची. म्हणजे गोरेपण ही थंड आणि अंधाऱ्या देशाची गरज, आणि सावळेपण ही आपल्या उन्हाची. एकाला बक्षीस आणि दुसऱ्याला शिक्षा म्हणण्यासारखे यात काय आहे?

प्राण्यांकडेही जरा पाहू. तुमच्यापैकी कोणाच्या घरी काळी-पिवळी-पांढरी अशी तिरंगी मांजर असेल, तर ती मांजरी आहे, बोका नव्हे, हे मी न पाहता सांगते. पिवळ्या रंगाचा जनुक एक्स नावाच्या गुणसूत्रावर असतो. मांजरीला अशी दोन गुणसूत्रे आणि बोक्याला एक. मेरी लायन या इंग्रज विदुषीने १९६१ साली उंदरांच्या रंगावरून असे मांडले, की मादीच्या प्रत्येक पेशीत दोनपैकी एक एक्स झोपी जाते. मांजरीच्या अंगावर जेथे एक झोपले तेथे पिवळा ठिपका, दुसरे झोपले तेथे काळा. पांढरा रंग आणखी वेगळ्याच जनुकाचा. हा पिवळा जनुक नेमका कोणता ते मात्र सापडत नव्हते. २०२५ साली जपानी आणि अमेरिकन शास्त्रज्ञांनी ते प्रसिद्ध केले. क्वचित एखादा तिरंगी बोकाही होतो. पण त्याच्याजवळ एक्स गुणसूत्र जादा असते, हे त्याचे कारण.

दुसरी गोष्ट वाघाची. १९५१ साली रीवा संस्थानच्या जंगलात महाराज मार्तंड सिंह यांना एक पांढरा बछडा सापडला. त्याचे नाव मोहन. तो मोठा झाल्यावर साध्या रंगाच्या वाघिणीशी त्याची जोडी लावली, पण बछडे सगळे पिवळे झाले. मेंडेलच्या वाटाण्यासारखा पांढरा रंग गप्प बसला होता. पुढे मोहनची जोडी त्याच्याच राधा नावाच्या मुलीशी लावली, तेव्हा १९५८ साली चार पांढरे बछडे जन्मले. साऱ्या जगाने कौतुक केले. पण पांढऱ्या वाघांच्या वंशात जवळच्या नात्यांतच जोड्या लावत गेल्यामुळे इतर दोषही वाढले. अनेक पांढरे वाघ तिरळे असतात. त्यांचा पांढरा रंग ज्या जनुकामुळे, तो जनुक २०१३ साली चिनी शास्त्रज्ञांनी ओळखला. माणसाच्या रंगातही त्या जनुकाचे काम आहे.

ही वाघाची गोष्ट करमणुकीसाठी सांगितली नाही. माणसांतही काही मुले जन्मतःच पांढऱ्या केसांची, अतिशय गोऱ्या कातडीची जन्मतात. उजेडात त्यांचे डोळे दिपतात, नजर कमी असते, डोळे हलत राहतात. याला इंग्रजीतून आलेला शब्द अल्बिनिझम. जगात सरासरी सतरा-अठरा हजारांत एक असे मूल असते. मेलॅनिनच्या घडणीतील एखाद्या जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडल्या, तरच हे होते. आई आणि वडील या दोघांजवळ एकेक बिघडलेली प्रत असते, आणि ते दोघे दिसायला अगदी साधे असतात. अशा जोडप्याच्या प्रत्येक मुलाच्या बाबतीत चारास एक एवढा संभव असतो. प्रत्येक वेळी चारास एक, हे ध्यानात ठेवा. एक मूल तसे झाले म्हणजे पुढची तीन सुटली असे नाही. जवळच्या नात्यात लग्न झाले असेल तर दोघांना तीच बिघडलेली प्रत एकाच आजोबांकडून वा आजीकडून आलेली असण्याचा संभव वाढतो. मामाच्या मुलीशी लग्न करण्याची चाल आपल्याकडे पुष्कळ समाजांत आहे. ती मोडा असे मी एका भाषणात म्हणणार नाही. पण ज्या घराण्यात असे मूल झालेले आहे, त्यांनी नात्यात सोयरीक करण्यापूर्वी डॉक्टरांचा सल्ला अवश्य घ्यावा.

आणि अशा मुलाला शापित म्हणू नका. त्याला वर्गात पहिल्या बाकावर बसवा, चष्मा द्या, डोक्याला टोपी आणि अंगाला पूर्ण बाह्यांचा सदरा घाला. बुद्धीने ते इतर मुलांसारखेच असते.

आता उरलेल्या चिठ्ठ्या घेते.

केशराविषयी. केशर सुगंधी आहे, महाग आहे, परवडत असेल तर चिमूटभर घालून दूध प्यायला हरकत नाही. पण केशराचा रंग पोटात पचून जातो. तो बाळाच्या कातडीपर्यंत पोचत नाही. बाळाचे रंगाचे जनुक गर्भ राहिला त्या क्षणीच ठरलेले असतात. नंतर शहाळे प्या, पांढरे पदार्थ खा, काळी द्राक्षे टाळा, त्याने एक अक्षरही बदलत नाही. मी एवढ्यावर हसून थांबले असते. पण काही घरांत लोहाच्या गोळ्या काळ्या असतात म्हणून, त्यांनी मूल काळे होईल या भीतीने, गरोदर सुना त्या गोळ्या फेकून देतात. भगिनींनो, ही हसण्याची गोष्ट नव्हे. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील गरोदर स्त्रियांपैकी ५२.२ टक्के स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. म्हणजे दोघींत एकीहून जास्त. रक्त कमी असलेली बाई बाळंतपणात थोड्याशा रक्तस्रावानेही दगावू शकते. गोऱ्या बाळाच्या आशेने आईचा जीव धोक्यात घालणे याला काय म्हणावे ते तुम्हीच ठरवा. या सभेतून घरी जाताना दुसरे सारे विसरलात तरी चालेल, पण लोहाच्या गोळीने रंग बदलत नाही, एवढे शेजारच्या घरी सांगा.

बाळाचा रंग जन्मल्यावर पाहून आनंद किंवा दुःख करू नये, हेही सांगते. रंगपेशींचे काम जन्मानंतर काही महिने वाढत जाते. म्हणून जन्मतः लालसर-उजळ दिसणारे मूल पुढे सावळते. जुन्या बायका बाळाच्या कानाच्या पाळ्या पाहून पुढचा रंग सांगत. निदान एवढे त्यांना पक्के ठाऊक होते की जन्मवेळचा रंग हा कायमचा रंग नव्हे. "नजर लागली आणि मूल काळवंडले" हे मात्र खरे नाही. डाळीच्या पिठाने घासून घासून बाळाची कातडी सोलवटते. रंगाचा कारखाना खाली आहे, तेथे पीठ पोचत नाही.

पांढऱ्या डागांविषयी, म्हणजे कोडाविषयी. कोड हे कुष्ठ नव्हे. ते स्पर्शाने, एका ताटात जेवल्याने, कपड्यांनी पसरत नाही. मासे खाऊन दूध प्यायल्याने होत नाही. पूर्वजन्मीच्या पापाने तर नाहीच नाही. शरीराची संरक्षक यंत्रणा चुकून आपल्याच रंगपेशींवर हल्ला करते, त्या मरतात आणि तेवढी जागा पांढरी पडते. यात आनुवंशिकतेचा थोडा भाग आहे. पण तो अनेक जनुकांचा, आणि केवळ जनुकांनी ते ठरतही नाही. आईला किंवा वडिलांना कोड असले तरी शंभरातील नव्वदांहून अधिक मुलांना ते होत नाही. आता प्रकाशकिरणांचे उपचार आहेत, औषधे आहेत, निरोगी रंगपेशींचे रोपणही करतात. लग्नात सांगावे का, असे विचारले आहे. माझे मत असे की सांगावे. पण दोष कबूल करतो आहोत अशा खाली मानेने नव्हे, तर "मला चष्मा आहे" हे जसे सांगतो तसे सांगावे. आणि ऐकणाऱ्याने तसेच ऐकावे. हे दुसरे जास्त कठीण आहे, आणि ते आपल्या हातात आहे.

गोरे करणाऱ्या क्रीमांविषयी दोनच वाक्ये. कोणतेही मलम जनुक बदलत नाही. काही मलमांत पारा किंवा स्टेरॉइड असते. पाऱ्याने मूत्रपिंडे बिघडतात आणि स्टेरॉइडने कातडी पातळ होते, म्हणून डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही लावू नये. २०२० साली आपल्या देशातील एका अतिशय खपाच्या क्रीमने आपल्या नावातील गोरेपणाचा शब्द काढून टाकला. व्यापाऱ्याला जर हे कळले, तर आपल्यालाही कळायला हरकत नाही.

आणि म्हणूनच शेवटी मी आपल्याच घराकडे वळते. आपले मंडळ अनेक वर्षे वधूवर सूचक नोंदवही चालवते. काम चांगले आहे, निःस्वार्थी आहे, पुष्कळ संसार त्यातून उभे राहिले आहेत. त्या वहीत नाव, शिक्षण, नोकरी, उंची यांच्या शेजारी एक रकाना आहे : "वर्ण". मी परवा ती वही चाळली. मुलींच्या पानांवर तो रकाना प्रत्येक ठिकाणी भरलेला आहे. गोरी, गहूवर्णी, निमगोरी, "सावळी पण नाकीडोळी नीटस". त्या "पण" या शब्दापाशी मी पुष्कळ वेळ थांबले. मुलांच्या पानांवर तोच रकाना बहुतेक ठिकाणी कोरा आहे.

आपण आषाढात ज्या विठ्ठलाला सावळा म्हणून डोळे भरून पाहतो, ज्या द्रौपदीला तिच्या सावळ्या रंगावरून कृष्णा म्हणत, त्यांना या वहीत नाव नोंदवायचे झाले तर "पण" लिहूनच नोंदवावे लागेल. काही भगिनी म्हणतील, रकाना काढला तरी पाहायला येणारे डोळ्यांनी पाहतीलच. खरे आहे. मी काही लोकांचे डोळे बांधायला निघालेले नाही. पण मंडळाने स्वतःच्या शाईने, स्वतःच्या वहीत, शिक्षणाच्या बरोबरीने रंग लिहून घ्यावा, म्हणजे "हा गुण मोजण्यासारखा आहे" असा शिक्का आपण मारतो. सहा नाणी कशी पडली याचा शिक्का मुलीच्या कपाळी आपण का मारावा?

तेव्हा माझी कार्यकारिणीला नम्र सूचना आहे, की येत्या वर्षापासून नोंदवहीतील "वर्ण" हा रकाना बंद करावा. त्या जागी हवे तर "रक्तातील हिमोग्लोबिन" असा रकाना घालावा, मुलगा आणि मुलगी दोघांसाठी. त्याचा संसाराला उपयोग आहे.

ज्या भगिनीने "रंगात माझा काय दोष?" असे लिहिले, तिला एवढेच सांगते : बाई, दोष तर नाहीच. तुझा रंग म्हणजे हजारो पिढ्या उन्हातान्हात राबलेल्या तुझ्या पूर्वजांचे देणे आहे. ते तू मागितले नव्हतेस, आणि ते परत करायचेही नाही.

 गुलबक्षीचे थोडे बी मी पुडीत बांधून आणले आहे. ज्यांना लावून पाहायचे असेल त्यांनी जाताना चिटणीसबाईंकडून घ्यावे. फुलांचे रंग कसकसे येतात ते पुढच्या वर्षी मला सांगावे.